मिरचीच्या हातांनी खेळवलेलं लेकरू

आज कुही तालुक्यातल्या एका गावात पालक मेळाव्याला गेले होते. मैत्रीण अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, तिनं बोलावलं. खाली सतरंजीवर पंचवीसेक आया, मांडीवर लेकरं. समोर खुर्च्यांवर पाहुणे. त्यातल्या एका साहेबांनी माईक घेतला आणि सुरू झाले, "तुम्ही लेकरांशी बोलतच नाही. खेळवत नाही. म्हणून तुमची पोरं मागं पडतात." सगळ्या बायांच्या माना खाली गेल्या. नागपूरला परत येईस्तोवर माझं डोकं तडकलेलं होतं, अजून आहे.

साहेब, मी अशाच एका बाईची लेक आहे.

माझी आई मांढळला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडतात त्या जागी, कामाला जायची. संध्याकाळी ती आली की माझा धाकटा भाऊ रांगत दारापर्यंत जायचा, आणि ती त्याला उचलायची नाही. हातांची आग व्हायची. राखेनं धुवा, तेल चोळा, तिखट काही जात नाही. एकदा तिनं त्याचं नाक पुसलं तर पोट्टं रात्रभर रडलं. दूध पाजतानाही पदर मी सारायचे. मग ती भिंतीला टेकून पाय लांब करायची, मी त्याला तिच्या नडग्यांवर बसवायचे आणि ती पायांनीच झुलवायची. इतकं खिदळायचं ते! हा खेळ नाही तर काय आहे?

हो, ती त्याच्याशी बोलत नव्हती, हे खरं. मुक्यानंच झुलवायची. "त्याले बोलता येत नाही, त्याले काय समजते?" असं तिला मनापासून वाटायचं. साहेबांचं तेवढं बरोबर.

पण बोलायला तिला शिकवलं कोणी, आणि कसं? आमच्या गावच्या अंगणवाडीबाई एका दुपारी ओसरीवर येऊन बसल्या. खाली, आईच्या बाजूला. आमच्याच घरातल्या दोन वाट्या आणि एक गंज, म्हणजे पातेलं, घेतला. वाटीखाली कांदा लपवला. भावानं वाटी उलटवली, कांदा सापडला, त्यानं टाळ्या पिटल्या. बाई म्हणाल्या, "माय, तू जे करून राहिली तेच त्याले सांग. आता तांदूळ धुतले, आता चूल पेटवली. तो ऐकते." आई लाजली. पण दुसऱ्या दिवशी पायांवर झुलवता झुलवता सातऱ्यावरच्या साऱ्या गोष्टी त्याला सांगत होती. कोणी किती खुडली, कोण कोणाशी भांडलं. तो "आं" म्हणायचा, ती थांबायची, "हो का रे?" म्हणायची आणि पुढं सांगायची.

दोन वर्षांचं होईस्तोवर लेकराचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या जवळजवळ ८० टक्के झालेला असतो. हे सगळं त्या ओसरीवरच घडत असते, शाळा तर कुठल्या कुठं. जमैकात १९८६-८७ साली १२९ खुरटलेल्या लेकरांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक बाई तासभर जायची, घरगुती वस्तूंची खेळणी घेऊन आईसोबत बसायची. ती पोरं २२ वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी असं खेळवायला कोणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती. दर आठवड्याचा एक तास, बस्स. आणि आपल्याकडं? ताराबाई मोडक, अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, खडे हीच खेळणी. अंगणवाडी हा शब्दच तिथला आहे हो!

आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या डॉक्टर मंडळींनी 'आरंभ' या कार्यक्रमात हेच तर शिकवलं, ० ते ३ वर्षांच्या लेकराशी घरातल्याच वस्तूंनी कसं खेळायचं ते. चांगलं काम आहे. पण अंगणवाडीताईनं घरोघरी जायचं कधी? तिचा अर्धा दिवस मोबाईलमध्ये वजन-उंची भरण्यात जातो. मानधन किती ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

लेकराच्या हातात मोबाईल देतात, तेही खरं. मलाही आवडत नाही. पण दिवसभर निंदण करून आलेली बाई स्वयंपाक करताना अजून काय करेल? आणि बाप कुठं आहे? आज त्या सतरंजीवर एक बाप नव्हता. मजुरी बुडवून आल्या होत्या त्या बायाच. वरून बोलणी खाल्ली.

सगळ्यांत पाठीमागं एक पोरगी होती, विशीतली. भाषण चालू असताना ती बाळाच्या तळव्यावर बोट फिरवत होती, बाळ ते धरायला बघायचं, ती पटकन काढून घ्यायची. दोघं हसत होती, आवाज न करता. साहेबांनी नाव घेऊन तिला गप्प बसायला सांगितलं. मी तेव्हा उठून बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. तेच खुपतंय.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पुढच्या मंगळवारी मैत्रीण त्याच गावात घरभेटींना जाणार आहे. येशील का विचारलं. आई म्हणाली, "येतो न. पण मले खाली बसू देजो. खुर्चीवर बसून मले लेकराशी बोलता येत नाही."