सेलू स्काउट्स आणि 68 टक्क्यांचा हिशेब

"ऱ्होडेशियाच्या सेलू स्काउट्स या मूठभर गोऱ्या कमांडोंनी देशात ठार झालेल्या बंडखोरांपैकी 68 टक्के एकट्यांनी टिपले, रणांगणात जिंकलेले युद्ध राजकारण्यांनी लंडनच्या टेबलावर घालवले," असा मजकूर सतत फिरत असतो. ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिम्बाब्वे; तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारविरुद्ध काळे बंडखोर लढत होते.

'मूठभर गोऱ्या' हे वर्णनच चुकीचे आहे. 1973 साली मेजर रॉन रीड-डेली यांनी उभारलेल्या या तुकडीत बहुसंख्य सैनिक काळे होते. झान्ला (मुगाबे यांच्या पक्षाची बंडखोर सेना) किंवा झिप्राची (एन्कोमो यांच्या पक्षाची) टोळी असल्याची बतावणी करत खेड्यात शिरायचे, जेवण मागायचे, खऱ्या टोळीचा माग काढायचा, हे तोतयाचे काम गोऱ्या कातडीला जमणारे नव्हते. गोरे अधिकारी बहुधा आडोशाला वायरलेस घेऊन बसत. सोबतीला फितवलेले बंडखोर असत. पकडला गेल्यावर फाशीची टांगती तलवार असलेला माणूस 'मनपरिवर्तन' झाल्याचे सांगतो, तेव्हा त्या शब्दाचे वजन बेतानेच धरावे.

68 टक्के हा आकडा ऱ्होडेशियाच्या लष्करी वर्तुळातलाच आहे, पण त्यात 'एकट्यांनी' हा शब्द मागाहून घुसला. स्काउट्स टोळी हेरून ठिकाण कळवत. त्यानंतर हेलिकॉप्टरने येऊन चकमक करणारी फायर फोर्स ही मुख्यतः ऱ्होडेशियन लाइट इन्फंट्री आणि ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स यांची असे. हेरण्याचे श्रेय मोठेच आहे, पण ते हेरण्याचे.

'रणांगणात जिंकलेले' याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण या तुकडीचा सर्वांत गाजलेला छापाच या म्हणण्याविरुद्ध साक्ष देतो. 9 ऑगस्ट 1976 रोजी सुमारे 84 स्काउट्स मोझांबिकच्या सत्ताधारी फ्रेलिमो पक्षाच्या सैन्याचे गणवेश घालून, त्यांच्याच रंगात रंगवलेल्या गाड्यांतून मोझांबिकमधल्या न्याडझोन्या तळावर पोहोचले आणि जमलेल्या गर्दीवर त्यांनी गोळीबार केला. हजाराहून अधिक माणसे मेली. ऱ्होडेशियाच्या मते तो झान्लाचा तळ होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेच्या नोंदीत ती निर्वासितांची छावणी होती. मात्र परिणामाविषयी वाद नाही. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर संतापले, त्यांनी ऱ्होडेशियाला दिलेले हेलिकॉप्टर वैमानिक व तंत्रज्ञ परत बोलावले, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या दबावाला त्यांची जोड मिळाली, आणि 24 सप्टेंबरला ऱ्होडेशियाचे पंतप्रधान इयान स्मिथ यांना दोन वर्षांत बहुसंख्याकांचे राज्य आणण्याचे तत्त्व जाहीरपणे मान्य करावे लागले. छाप्याला तेव्हा सात आठवडेही झाले नव्हते.

राहिले लंडनचे टेबल. डिसेंबर 1979 मध्ये लंडनला झालेल्या लँकेस्टर हाउस या शांतता करारानंतर फेब्रुवारी 1980 मध्ये मतदान झाले. धाकदपटशाच्या तक्रारी झाल्या, हे खरे. त्या निराधारही नव्हत्या. तरीही काळ्या मतदारांच्या 80 जागांपैकी मुगाबे यांच्या पक्षाला 57 आणि एन्कोमो यांच्या पक्षाला 20 मिळाल्या. ज्यांच्या सरकारसाठी स्काउट्ससह सगळे सैन्य 1979 मध्ये लढले, त्या तत्कालीन पंतप्रधान बिशप मुझोरेवांच्या पक्षाला मिळाल्या 3.