शेणाचा रंग, मनी प्लांट आणि प्लायवूड: ‘विषमुक्त घरा’च्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. कुणी वाकडला किंवा आंबेगावला नव्या फ्लॅटची किल्ली घेतली की अभिनंदनाच्या पाठोपाठ कुणीतरी हा टाकतंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारातला रंग, पीओपी आणि ग्रॅनाइट हे घरातलं विष आहे. प्लायवूड लाकडाचंच असतं, ते चालेल, फक्त वॉटरप्रूफ घ्या. भिंतींना चुना किंवा शेणाचा रंग द्या, म्हणजे त्या श्वास घेतील, बुरशी धरणार नाही आणि मोबाइलचे किरणही अडतील. खोल्यांत मनी प्लांट ठेवा, नासाने सिद्ध केलंय. रंगाचा वास गेला की खुशाल राहायला जा. आणि सगळ्यात शेवटी, आजोबांच्या वाड्यात केमिकल नव्हतं म्हणून ती माणसं नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिली.

काळजी रास्त आहे, पण तिचा रोख भलतीकडे गेलाय. मेसेजने सामानाचे दोन ढीग केलेत, नैसर्गिक आणि केमिकल, आणि एकाला बरं, दुसऱ्याला वाईट म्हणून मोकळा झालाय. सामान निवडताना विचारायचं वेगळंच असतं: ही वस्तू घरात आल्यावर हवेत काय सोडते, किती काळ सोडते, आणि ती हवा घराबाहेर जाते का?

मनी प्लांटचं आधी उरकून टाकू. नासाचा अभ्यास खोटा नाही. १९८९ साली नासातले शास्त्रज्ञ बिल वॉल्व्हर्टन यांनी तो केला, पण छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये. पेटीत रसायनाची वाफ सोडली, झाड ठेवलं, काही तासांनी वाफ कमी झाली. आपलं घर हवाबंद नसतं. खिडकीच्या फटीतून, दाराखालून हवा सतत बदलत असते आणि हे काम ती झाडापेक्षा कितीतरी वेगाने करते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा प्रयोगांची आकडेमोड पुन्हा मांडली. एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे ६०० चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटला किमान साडेपाचशे कुंड्या. झाडं जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं. याच मेसेजच्या शेपटाला कुणीतरी ‘चिरलेला कांदा खोलीत ठेवा, रंगाचा वास ओढून घेतो’ असंही जोडलंय. तसं केलंत तर रंगाच्या वासात कांद्याच्या वासाची भर पडेल, इतकंच.

ग्रॅनाइटचंही फार ताणायला नको. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश असतो, त्यातून थोडासा रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, हे बरोबर. पण घरातला रेडॉन मुख्यतः जमिनीतून येतो, ओट्यातून नव्हे. आपलं पुणं बसलंय काळ्या बेसॉल्टवर, ज्यात युरेनियम मुळातच कमी. ओट्याचा दगड कर्नाटकातून येवो की तेलंगणातून, खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात त्याने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. त्याच ओट्यावर गॅस पेटतो तेव्हा चिमणी किंवा एक्झॉस्ट लावता का, याचा विचार कितीतरी जास्त मोलाचा आहे.

पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. पाण्यात कालवला की तो पुन्हा जिप्समच होतो आणि घट्ट बसतो, पुढे हवेत काही सोडत नाही. घासताना उडणारी धूळ वाईट, ती त्या दिवसापुरती आणि मुख्यतः कारागिराच्या छातीत जाणारी. पीओपीच्या वर गळकं बाथरूम असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे दोष बाथरूमचा.

आता चुना आणि शेण. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. चुन्याचा गिलावा हवेतली आर्द्रता थोडी धरतो आणि सोडतो. ताजा चुना चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यामुळे सुरुवातीला त्यावर बुरशी धरत नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींवर, दगडी चाकाच्या घाणीत (चुना मळायच्या चरात) मळलेल्या चुन्यावर, हे फार छान चालायचं. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतो तसतशी त्याची ती धार कमी होते. भिंतीत वरच्या गच्चीतून किंवा बाहेरच्या तड्यातून पाणी उतरत असेल तर चुना लावा, शेण लावा की सोन्याचा वर्ख लावा, जुलै संपता संपता काळे ठिपके दिसणारच. ओल आणि बुरशी यांचा दम्याशी आणि श्वासाच्या तक्रारींशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मांडला आहे. म्हणजे रंग कुठला घ्यायचा याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचं सील तपासायला हवं. पुण्याच्या पावसात घराच्या तब्येतीवर सर्वांत मोठा परिणाम याचाच होतो, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.

एक व्यवहारातली अडचणही सांगतो. नव्या फ्लॅटच्या भिंतींवर बिल्डरने पुट्टी आणि अॅक्रिलिक रंग आधीच मारलेला असतो. त्यावर चुना धरत नाही, पोपडे येतात. धरायला हवा असेल तर खालच्या प्लॅस्टरपर्यंत खरवडावं लागतं, आणि त्या खरवडण्यातून एवढी धूळ होते की ‘निरोगी घरा’साठी ती कशाला, असं वाटावं. भिंती ‘श्वास घेतात’ म्हणाल तर वाफेपुरतं खरं आहे. घरातली हवा भिंतीतून बदलत नाही, ती खिडकीतूनच बदलते.

शेणाच्या रंगाबद्दलही नीट समजून घ्या. खादी ग्रामोद्योग आयोगाचा ‘प्राकृतिक पेंट’ १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आला. तो म्हणजे बादलीत कालवलेलं शेण नव्हे. प्रक्रिया केलेल्या शेणाबरोबर त्यात रंगद्रव्यं आणि बाइंडर (रंग भिंतीला धरून ठेवणारा घटक) असतात, म्हणजे रंगाची घडण इतर पाण्यातल्या रंगांसारखीच. गावातल्या गोशाळांना उत्पन्न मिळावं म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण मोबाइलचे किरण अडवणं? दोन हातांच्या रंगाने लहरी खरोखर अडल्या असत्या तर रंग दिल्याच्या दिवशी घरात रेंज गेली असती आणि हा मेसेज तुम्हाला मिळालाच नसता.

बाजारातल्या रंगांना सरसकट विष म्हणणंही जुनं झालं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारे नियम भारताने २०१६ मध्ये काढले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. भिंतीसाठी पाण्यातला, कमी व्हीओसीचा (म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं कमी असलेला) इमल्शन आज बोहरी आळीतल्या कुठल्याही दुकानात मिळतो. दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. डब्यावरचा व्हीओसीचा आकडा बहुतेक वेळा पांढऱ्या बेसचा असतो. मशिनवर गडद छटा करताना जे टिंटर घालतात, त्यांच्यामुळे तो वाढू शकतो. दुसरं, ग्रिलसाठी आणि दारांसाठी पेंटर जो तेलाचा एनॅमल आणि थिनर आणतो, त्यातून भिंतींच्या रंगापेक्षा जास्त वाफ निघू शकते. तिथेही पाण्यातला एनॅमल मागता येतो. पेंटर तोंड वाकडं करील, ‘साहेब, याला ती चमक येत नाही’ म्हणेल. खरंय, थोडी कमी येते.

आणि आता मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी ओळ: ‘प्लायवूड लाकडाचंच असतं, चालेल.’

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे असतात, पण ते एकमेकांना धरून ठेवतो तो गोंद. स्वस्त प्लायवूड, तसंच लाकडाचा चुरा किंवा तंतू गोंदात दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांत तो बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो. हा गोंद उष्णतेत आणि दमट हवेत हळूहळू सुटत राहतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू सोडतो. एप्रिलची उष्णता आणि जुलैची दमट हवा, दोन्ही पुण्यात आहेत. फॉर्मल्डिहाइडला कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं सुरू झालं तरी आपण ते ‘वातावरण बदललं’ म्हणून सोडून देतो. भिंतीच्या रंगातलं बरंचसं जे जायचं ते काही आठवड्यांत जातं. बोर्डातून निघणारं महिनोन्महिने, कधी वर्षंही चालतं.

टू बीएचकेच्या इंटीरियरमध्ये आठ बाय चारच्या शीटांची किती मोठी थप्पी लागते बघा: दोन वॉर्डरोब, किचनच्या ट्रॉल्या, लॉफ्ट, पलंगाचे बॉक्स, टीव्ही युनिट. आणि वॉर्डरोब म्हणजे लोणच्याची बरणीच, आत जे मुरायचं ते मुरतं आणि दार उघडलं की नाकात जातं.

मग काय घ्यायचं? ‘वॉटरप्रूफ’ हा दुकानदाराचा शब्द आहे, तो सोडा. शीटवरचा शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ हे साधं प्लायवूड; त्यात एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, बहुधा युरियाच्या गोंदाचं. आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड, फिनॉलच्या गोंदाचं, उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासलं जाणारं. फिनॉलचा गोंद घट्ट असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड फारच कमी सुटतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलात तर शीटची कड उजेडात धरून बघा. फिनॉलच्या प्लायमध्ये पापुद्र्यांच्या मधल्या रेघा गडद तपकिरी दिसतात, युरियाच्या प्लायमध्ये फिकट, जवळजवळ लाकडाच्याच रंगाच्या. नुसत्या रेघांवर भिस्त ठेवू नका, रंग घालून फसवणारे आहेतच. शिक्क्यात आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कशाचा ते तिथल्या तिथे कळतं. एमडीएफ घ्यायचंच असेल तर उत्सर्जनाचा शिक्का मागा, ई-१ किंवा त्याहून कडक. ‘मॅडम, सगळं सेमच असतं’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

यापुढचं काम सुताराकडून करून घ्यायचं. लॅमिनेट बाहेरून लावतात आणि आतली बाजू उघडी ठेवतात. वायू तिथूनच येतो. आतून लायनर लावा, आणि कडा, विशेषतः मागच्या आणि खालच्या, ज्या कुणाला दिसत नाहीत, त्याही एज बँडने बंद करा. खर्च थोडा वाढतो. चिकटवायला पांढरा, पाण्यातला गोंद चालत असेल तिथे तोच वापरायला सांगा. झटकन धरणारा पिवळा रबरी गोंद टोल्युइनसारख्या द्रावकात असतो. मेलामाइन पॉलिश हे युरियाच्या गोंदाच्याच घराण्यातलं, त्यातूनही फॉर्मल्डिहाइड निघतं. आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश फवारताना हार्डनरमधली आयसोसायनेट ही घातक रसायनं कारागिराच्या फुफ्फुसात जातात. सुकलेलं पीयू तुम्हाला फारसं काही करत नाही, पण तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत फवारणारा पोरगा हे सगळं ओढत असतो. त्याला योग्य मास्क द्या, निदान खिडक्या तरी उघड्या ठेवा. ‘विषमुक्त घरा’च्या मेसेजमध्ये तो कुठेच नाही.

‘वास गेला की राहायला जा’ हे तर मुहूर्त गाठण्याच्या घाईने लिहिल्यासारखं वाटतं. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरलेली असते, पॉलिशवाला आदल्या रात्री ‘शेवटचा हात’ मारतो, दुसऱ्या दिवशी बंद हॉलमध्ये होमाचा धूर आणि त्याच रात्री लहान बाळासकट घरात मुक्काम. आपलं नाक थोड्या वेळात वासाला सरावतं, आणि घातक पातळीचा फॉर्मल्डिहाइड वासाने कळेलच असं नाही. पूजा मुहूर्तावर करा, पण राहायला दोन-तीन आठवड्यांनी जा. तेवढे दिवस कपाटांची दारं, ट्रॉल्या, ड्रॉवर सगळं उघडं ठेवून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. उन्हाळ्यात गरमीने वायू लवकर सुटतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये हे जास्त उपयोगी. एअर प्युरिफायर विकत घेताना लक्षात ठेवा, हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू पकडत नाही. आणि एवढं सगळं केल्यावर रात्री डासांची कॉइल लावणार असाल तर केलेलं पाण्यात. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड ५१ सिगारेटींइतकं आणि बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडकीला जाळी लावा.

राहता राहिले आजोबा. वाड्यात सागवान होतं, चुना होता, अंगण होतं, हे खरं. पण चुलीचा धूरही होता, आणि तो बायकांनी वर्षानुवर्षं ओढला. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज. दोन्ही पुरातन, आणि दोन्ही विषारी. जुन्या दारां-खिडक्यांवरच्या तेलाच्या रंगातही शिसं असायचं. तेव्हा सदाशिव पेठेतला किंवा कसब्यातला जुना वाडा दुरुस्त करणार असाल, किंवा तिथली जुनी दारं नव्या फ्लॅटमध्ये ‘अँटिक’ म्हणून बसवणार असाल, तर ती कोरडी घासू नका, ब्लो टॉर्चने जाळू तर मुळीच नका. रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, पडलेले पोपडे गोळा करून बांधून टाका, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि काम संपेपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत.