सह्याद्रीचा दर्या

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र तापला, तेव्हा आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुपही तापला होता. २९ तारखेला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले आणि ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी श्टुटगार्टच्या लोकलमध्ये बसून वाचत होतो. त्या फोटोंखालीच मावशीने सहलींच्या एका ॲपची जाहिरात टाकली होती : ‘सह्याद्रीच्या हिरव्यागार दर्या’. सह्याद्रीत दर्या! एवढ्या भाषाभिमान्यांत एकानेही हूं की चूं केलं नाही.

माझं कामच स्क्रीन डिझाइनचं. एकच स्क्रीन वीसेक भाषांत जाते, त्यामुळे ही चूक कुठे शिजते ते मला ठाऊक आहे. ‘दऱ्या’ला खाली टिंब असलेला ऱ लागतो. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, तक्त्यात तो द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठीचा र म्हणून नोंदलेला आहे. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणारा तिकडे वळतच नाही.

दुसरं दुखणं उंचीचं. जर्मन शब्द लांबलचक, म्हणून बटणाला आडवी जागा सोडायची हे इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. देवनागरी मात्र वर-खाली वाढते. एकदा मीटिंगमध्ये मी आमचंच ‘नोंदणी’चं बटण मोठं करून दाखवलं. मात्रा, अनुस्वार, वेलांटी सगळं वरून छाटलेलं. उरलं होतं ‘नादणा’. सहकारी म्हणाली, “उंची सगळ्या जगाला एकच आहे. मराठीतून तक्रारी किती आल्या?”

एकही नव्हती.

राग आला, पण तिचं चुकलं नव्हतं. प्रत्येक भाषेचे लाड पुरवायचे तर एक बटण करायला वर्ष जाईल. जो कुरकुरतो त्याचं आधी होतं. जर्मनांच्या एस्त्सेट (ß) या अक्षराने शब्दाची सुरुवात होत नाही, म्हणून त्याला कॅपिटल रूपच नव्हतं. पण पूर्ण आडनाव कॅपिटलमध्ये लिहिताना अडायचं. लोक लागून राहिले. २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये ते आलं, २०१७ मध्ये शुद्धलेखनाच्या नियमांतही बसलं. आणि आपला ‘ॲ’? तोही त्याच ५.१ मध्ये आला. अजून निम्मं गाव ‘ऍ’ लिहितं, ते सोडा.

‘ॲप मराठीत द्या’ ही मागणी रास्तच आहे, माझा तिला पाठिंबा आहे. फक्त दिलेली मराठी कुणी वाचत नाही हे खटकतं. ग्रुपवर सर्वांत जास्त गरजणाऱ्या माझ्या भावाचा फोन इंग्रजीत आहे. “मराठीत मेनू सापडत नाही रे,” म्हणतो. खरंय, भाषांतर भयानक असतं. पण कुठल्या भाषेत किती जण वापरतात तेच आमच्याकडे मोजलं जातं, आणि त्या मोजणीत भाऊ इंग्रज ठरतो.

आमच्या बटणाची उंची पुढे चार पिक्सेल वाढली. व्हिएतनामी ग्राहकांनी अक्षरांवरच्या खुणा कापल्या जातात म्हणून पिच्छा पुरवला होता. ‘नोंदणी’ आता नीट दिसते.