हॉफमन, सायकल आणि मेथर्जिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली आणि मगच लिहायला बसले. एलएसडी हा भास घडवणारा, पुढे नशेसाठी वापरला गेलेला पदार्थ शोधणारे स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. एलएसडी अपघाताने सापडलं, त्यात या माणसाचं कर्तृत्व ते काय, हा पहिला. दुसरा जास्त लागणारा आहे : तुमचा एक हुशार विद्यार्थी या नशेपायी वाया गेला आणि मी तिच्या जनकाचा उदोउदो केला.

दुसऱ्यातला एक भाग मला सरळ मान्य आहे. १९ एप्रिल १९४३ ची ती सायकलफेरी मी फार रंगवली आणि त्यातली भीती गाळली. त्या दिवशी हॉफमननी स्वतःवर प्रयोग म्हणून पाव मिलिग्रॅम एलएसडी घेतलं होतं, तेही अगदी कमी मात्रा समजून. त्याचा अंमल चढत असताना ते सायकलवरून घरी निघाले. घरी पोचल्यावर खोलीतलं सामान अंगावर येऊ लागलं. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना मुखवटा घातलेली चेटकीण वाटली. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, आणि हे वेड लागल्याच्या, मरण जवळ आल्याच्या भीतीने कोचावर पडलेले. डॉक्टर आले, तर डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्याखेरीज त्यांना काहीच सापडेना. हे सगळं लेखात यायलाच हवं होतं. एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने माझा लेख वाचला असता, तर त्याला ती नुसती मौजेची सफर वाटली असती. ही चूक माझी.

अपघाताचं म्हणाल, तर तो निम्माच खरा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सँडोझ या औषध कंपनीत हॉफमन एका बुरशीतून मिळणाऱ्या लायसर्जिक आम्लापासून एकामागून एक संयुगं बनवत होते. रक्ताभिसरणाला आणि श्वसनाला चालना देणारं औषध त्यांना हवं होतं. १९३८ साली बनवलेलं पंचविसावं संयुग, म्हणजेच एलएसडी, प्राण्यांवर तपासलं, प्राणी जरा अस्वस्थ झाले, आणि विषय बंद झाला. टाकून दिलेलं संयुग पुन्हा हाती घ्यायची तिथे रीत नव्हती. तरी पाच वर्षांनी त्यांनी ते पुन्हा बनवलं. काम करताना गरगरायला लागलं, ते घरी गेले. दुसऱ्या कुणी ते थकव्यावर ढकललं असतं. यांनी तीन दिवसांनी मोजून मात्रा घेतली आणि वेळेनिशी टिपण ठेवलं.

पण सर, मी हॉफमनवर लिहायला घेतलं ते एलएसडीमुळे नाहीच. मी बरीच वर्षं एका प्रसूतिगृहात फार्मासिस्ट होते. रात्री-अपरात्री सिस्टर धावत यायची, ‘मॅडम, मेथर्जिन!’ फ्रिजमधून काढलेली ती एक मिलीची गार अँप्युल अजून बोटांना आठवते. वार पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर ती टोचायची. बीपी वाढलेलं नाही ना, हे आधी बघायचं. गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात येतो. हे औषधही हॉफमन यांच्याच हातचं, त्याच लायसर्जिक आम्लातून आलेलं. त्या अँप्युलमध्ये ०.२ मिलिग्रॅम असतं. त्यांनी त्या दिवशी घेतलेलं एलएसडी होतं ०.२५.

दोन्हींचं मूळ अरगट, म्हणजे राय या धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. ती पिठात गेली की हातपाय सडून गावंच्या गावं हवालदिल व्हायची. युरोपातल्या सुईणी तीच बाळंतिणीला द्यायच्या, अंदाजाने. त्या विषारी बुरशीतल्या द्रव्यांपासून भरवशाची औषधं बनवणं, या कामात हॉफमन यांची उमेदीची वर्षं गेली. याला मी कर्तृत्व म्हणते.

त्यांनी जबाबदारी झटकली असंही नाही. सँडोझने १९४७ पासून एलएसडी मनोविकारतज्ज्ञांना पुरवलं. पुढे ते रस्त्यावर आलं आणि १९६५ मध्ये कंपनीने हात काढून घेतला. एलएसडीचा प्रचार करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी १९७१ साली स्वित्झर्लंडमध्ये भेटले, तेव्हा कोवळ्या मुलांना याच्या नादी लावल्याबद्दल हॉफमननी त्यांना तोंडावर बोल लावला. स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी एलएसडीला काळजीत टाकणारं लेकरू म्हटलं आहे.

तुमच्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांना यातलं काही सांगून उपयोग नाही, हे मला कळतं. आज मी लेखात सायकलनंतर शेजारणीचा आणि डॉक्टरांचा प्रसंग घातला आहे आणि शीर्षकातला ‘जादूगार’ हा शब्द काढला आहे. पुन्हा एकदा वाचाल का? अजून कुठे खटकलं, तर जरूर सांगा.