दोन दिवसांच्या कार्यशाळेने कोणी भूलतज्ज्ञ होत नाही

भूलतज्ज्ञांच्या कौशल्य कार्यशाळेत दोन दिवस मॅनिकिनवर (मानवी शरीराच्या प्रतिकृतीवर) सराव केला की कोणत्याही एमबीबीएस डॉक्टरला भूल देता येते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. भूलशास्त्रातील एमडी हा एमबीबीएसनंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तातडीच्या प्रसूतिसेवेसाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल कौशल्यांचे प्रशिक्षण दिले हे खरे, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तेथेच असावे. पण तेही सुरुवातीला १८ आठवड्यांचे आणि मर्यादित कामापुरतेच होते.

कार्यशाळेचे प्रयोजन वेगळे आहे. भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी जात नाही आणि मास्कनेही प्राणवायू पोहोचत नाही, अशी वेळ क्वचितच येते. मात्र आली की मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. तेव्हा गळ्याच्या पुढील बाजूस क्रिकोथायरॉइड पडद्याला (स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधील पातळ पडद्याला) छेद देऊन, त्यातून बूजी (लांब, लवचीक सळई) सरकवून, तिच्यावरून ६ मिलिमीटरची नळी श्वासनलिकेत घालावी लागते. अनेक अनुभवी भूलतज्ज्ञांना हे प्रत्यक्ष रुग्णावर कधीच करावे लागत नाही, आणि नेमके म्हणूनच मॅनिकिनवर किंवा प्राण्याच्या श्वासनलिकेवर हात पुन्हा पुन्हा बसवावा लागतो. माझ्या मते ज्येष्ठांनीही वर्षातून एकदा तरी हा सराव करावा.