आधी सांगा, मग ऐकवा

तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसला आहात. ताटात जिलबी, शेजारी साडू. तुम्ही एम.कॉम. आहात, घराचे हप्ते वेळेवर भरता, आयकराचं विवरणपत्र शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी भरता. तरी ओळीतलं एकही डोकं तुमच्याकडे वळलेलं नाही. सगळे बघताहेत समोरच्या नानांकडे, कारण नाना आत्ताच म्हणालेत, "सूर्यातून ओम निघतो. नासाने रेकॉर्ड केलाय."

तुमचं चुकलं कुठे ते सांगतो. मघाशी साडूंनी विचारलं, "बारा लाखांच्या वर दहा हजार गेले तर कर किती बसतो हो?" तुम्ही म्हणालात, "बघून सांगतो." हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघाले त्याला पुन्हा कोणी काही विचारत नाही. नाना गेल्या तीस वर्षांत एकदाही काही बघून आलेले नाहीत, म्हणून तर वाढपी त्यांच्यापाशी दोनदा थांबतो.

तुम्हालाही नाना व्हायचं असेल तर पुढचं नीट वाचा. फी नाही.

पहिल्यांदा नानांची हातोटी बघा. ते फोनवरचा आवाज आधी लावत नाहीत. आधी म्हणतात, "डोळे मिटा. ओंकार ऐका." मग फोन मध्यभागी, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा. त्यातून एक घोंघों निघते आणि सगळी ओळ मान डोलावते. "पिठाची गिरणी ऐका" म्हणाले असते तर त्याच ओळीला गिरणी ऐकू आली असती आणि एखाद्या काकूंना दळण आणायचं राहिल्याचं आठवलं असतं. आधी सांगा, मग ऐकवा. हा क्रम उलटा केलात की संपलात.

आता त्या आवाजामागची खरी हकीगत, फक्त तुमच्यापुरती. अवकाशात हवा नाही, त्यामुळे सूर्याचा आवाज आपल्यापर्यंत यायचा प्रश्नच नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो. सोहो नावाच्या यानावरच्या उपकरणाने तो हलताना मोजला. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी अशा 40 दिवसांच्या नोंदी घेतल्या आणि त्या 42,000 पट वेगाने पळवल्या, तेव्हा कुठे माणसाच्या कानाला झेपेल अशी गुणगुण निघाली. पाच मिनिटांचे 300 सेकंद, भागिले 42,000, म्हणजे सेकंदाला शंभर-दीडशे हेलकावे. या वेगाने पळवायचं म्हटलं तर आमच्या गल्लीत रोज सकाळी येणारी घंटागाडी दर दोन सेकंदांनी येईल. खरं तर घर बसल्या सूर्याच्या पोटातली हालचाल ऐकता येणं हेच केवढं अचाट आहे, पण ते पंगतीत बोलू नका. भागाकार आला की लोक भाताकडे वळतात.

ही युक्ती नानांनी शोधलेली नाही. पावशा घ्या. पाऊस तोंडावर आला की हा पक्षी ओरडतो आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऐकू येतं, "पेरते व्हा, पेरते व्हा." हिंदी मुलखात हाच पक्षी "पी कहाँ" विचारतो. बंगालमध्ये "चोख गेलो", म्हणजे डोळे गेले. उकाड्याने कावलेल्या गोऱ्या साहेबाला त्यात "ब्रेन फीव्हर" ऐकू आलं आणि त्याने पक्ष्याचं नावच ते ठेवलं. ज्याच्या डोक्यात जे घोळतंय ते त्याच्या कानात. स्वतःचं घरटं न बांधता सातभाईच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होणारा हा प्राणी जगाला कामाला लागा म्हणतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतोय. आणि पाल? कोणी काही बोललं आणि भिंतीवर ती चुकचुकली की आजीचं बोट लगेच जमिनीवर टकटक करतं, "कृष्ण कृष्ण, बघ, खरं आहे!" पालीइतकी विश्वासार्ह साक्षीदार नानांनाही मिळालेली नाही.

घरात प्रयोग करायचा असेल तर मे 2018 मध्ये जगभर फिरलेली ती एका शब्दाची ध्वनिफीत काढा. भाच्याने ती आमच्याकडे लावली तेव्हा मावशीला स्वच्छ "यॅनी" ऐकू आलं, काकांना तितकंच स्वच्छ "लॉरेल". दोघांनी एकमेकांकडे जे बघितलं ते शेतीच्या वाटणीतही बघितलं नव्हतं. आजीने कानातलं मशीन नीट बसवलं आणि म्हणाली, "'लाव रे' म्हणतोय तो. काय लावायचंय?" मूळ शब्द लॉरेल. एका ऑनलाइन शब्दकोशातल्या उच्चाराची ती नक्कल. फिरताफिरता तिच्यातल्या वरच्या पट्टीच्या लहरी उठून आल्या. त्या ज्याचा कान आधी पकडतो त्याला यॅनी, खालच्या धरतो त्याला लॉरेल. वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, फोनचा स्पीकर बदलला तरी निकाल फिरतो. हे सांगायचं नाही. "ज्याचं मन शुद्ध त्याला लॉरेल" एवढंच म्हणा आणि बघा, दुसऱ्यांदा लावल्यावर निम्म्या घराला लॉरेल ऐकू येईल.

तंबोऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. तंबोऱ्याच्या तारा पंचम आणि षड्जात लावलेल्या असतात, गंधाराची तार त्यात नसते. पण जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा जागेवर बसला, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार नेमकी मिळाली, की त्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा. मी क्लासला जायचो तेव्हा आमच्या बाई खुंटी पीळ देत बसायच्या, मणी केसभर सरकवायच्या, आणि अचानक हात थांबवायच्या. "आला?" आम्ही घाबरून "आला" म्हणायचो. दीड वर्षाने एकदा खरंच आला. अंगावर काटा आला तो गंधारामुळे, की इतके दिवस खोटं बोलत होतो म्हणून, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या कामाला हे निरुपयोगी. दीड वर्ष कोण थांबणार?

तंत्रज्ञानात काम सोपं आहे. रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून किरण येणार, फोन बंद ठेवा, हा निरोप अनेक वर्षं फिरतोय. आजही पाठवा, चालतो. फक्त "आज रात्री" हे शब्द राहू द्या. 2,000 रुपयांच्या नोटेतली चिप आठवते? नोव्हेंबर 2016 मध्ये ती जमिनीखाली 120 मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसत होती. आपण मॉलच्या तळघरात गाडी लावतो तेव्हा फोनमधल्या नकाशाला आपण अरबी समुद्रात असल्यासारखं वाटतं, पण नोटेची गोष्ट वेगळी. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून नुसता संदेश पाठवतात, आपला फोन तो नुसता ऐकतो, आणि खाली कोण ऐकतंय हे उपग्रहाला माहीत नसतं, असं कोणी म्हणाला तर त्याला विचारा, "तुम्ही कधी उपग्रह पाहिलाय?" मे 2023 मध्ये ती नोट चलनातून काढून घेतली तेव्हा लोकांना ती बँकेत नेऊन द्यावी लागली. चिपला विचारून घरोघरी गाडी का पाठवली नाही, हे नानांना विचारायचं राहून गेलं.

कर हा विषय मात्र जोखमीचा. इथे खरीच गोष्ट अफवेसारखी दिसते, त्यामुळे रचायला जागा उरत नाही. 21 डिसेंबर 2024 रोजी जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नचा खुलासा केला: सुट्ट्या खारट-मसालेदार लाह्या 5 टक्के, त्याच छापील पाकिटात बंद केल्या की 12, आणि कॅरॅमल लागलं की 18, कारण साखर लागल्यावर ती मिठाई. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काहीही काय पाठवतात लोक!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा निरोप खोटा ठरवला, आणि तो खरा निघाला. त्याच वर्षी कोइंबतूरच्या एका हॉटेलवाल्याने भर सभेत अर्थमंत्र्यांपुढे गाऱ्हाणं मांडलं की नुसत्या बनवर कर नाही, क्रीम लावलं की 18 टक्के, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं, बन द्या, क्रीम वेगळं द्या, आम्हीच लावून घेतो. सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा टप्पा गेला, पराठा 18 वरून शून्यावर येऊन पोळीच्या मांडीला मांडी लावून बसला.

हे फक्त आपल्याकडेच, असं मात्र म्हणू नका. इंग्लंडमध्ये 1991 साली जाफा केक हा केक की बिस्कीट यावर रीतसर सुनावणी झाली, कारण केकवर व्हॅट नाही, चॉकलेटच्या बिस्किटावर आहे. शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्कीट मऊ पडतं, हा मुद्दाही तिथे गांभीर्याने विचारात घेतला गेला. जाफा कडक होत होता. केक ठरला, सुटला. असा न्याय आमच्या शंकरपाळ्यांना कोण देणार?

आता साडूंचा प्रश्न. त्यांना नानांसारखं छातीठोक सांगा, "पगारवाढ घेऊ नका, वरच्या टप्प्यात गेलात की सगळ्या पगारावर जास्तीचा दर बसतो आणि हातात कमी येतं." हे साफ चूक आहे, आणि म्हणूनच दर एप्रिलला फिरतं. टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. पण मी मूर्खासारखा बघायला बसलो. 2025-26 या वर्षासाठी नव्या पद्धतीत, सगळ्या वजावटी जाऊन 12 लाख उत्पन्न उरलं तर कर होतो 60,000 आणि रिबेटमध्ये पूर्ण माफ. उत्पन्न 12 लाख 10 हजार झालं तर कर 61,500. अन्याय होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: 12 लाखांच्या वर जेवढं मिळालं तेवढाच कर, म्हणजे 10,000. छान. मग त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर, 400 रुपये. दहा हजार जास्त मिळवण्यासाठी भरायचे 10,400! नाना 400 रुपयांपुरते बरोबर होते. आकडेमोड तीनदा केली, रात्रीचा एक वाजला. साडेबाराच्या किरणांचा परिणाम असेल.

उरली रहस्यं. यात एकच पथ्य पाळा, रहस्य लांबचं निवडा. बर्म्युडाला एसटी जात नाही. 5 डिसेंबर 1945 रोजी तिथे अमेरिकी नौदलाची पाच विमानं 14 माणसांसह हरवली, त्यांना शोधायला निघालेलं विमानही 13 जणांसह गेलं. बर्म्युडा त्रिकोण हे नाव पडलं 1964 साली, एका मासिकातल्या लेखात. विमानं हरवली तेव्हा त्रिकोण अजून काढायचाच होता, पण एवढं कोण बघतो. उलट लोणारचं नाव काढलंत तर पंगतीत बुलढाण्याचा एक तरी पाहुणा निघतोच. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा नानांनी उल्का जागी झाल्याचं जाहीर केलं होतं. पाहुणा म्हणाला, "ते तर पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी नेऊन तपासलं की! पाणी आटलं, खार वाढला, खारात वाढणारे जंतू माजले, त्यांचाच तो रंग. पाऊस पडल्यावर गेला." त्या दिवशी नानांना दुसऱ्यांदा जिलबी मिळाली नाही.

परवा नाना घरी आले. सोफ्यावर बसून त्यांनी सूर्य लावला. "डोळे मिटा," म्हणाले. आम्ही मिटले. घोंघों सुरू झाली. आजी म्हणाली, "फ्रिज बिघडला वाटतं." नानांनी आवाज वाढवला. एवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "शिट्ट्या किती झाल्या?"

"तीन," नाना म्हणाले, डोळे मिटलेलेच.

"चार," भाचा म्हणाला.

मावशीला दोनच ऐकू आल्या होत्या, आणि त्यातली एक शेजाऱ्यांची असावी असा तिला संशय होता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "बघून सांगतो," आणि उठलो. ओट्यापर्यंत पोहोचेतो आणखी एक झाली.