पाळणा कुणाच्या सांगण्यावरून हलायचा?

गेल्या दिवाळीत बेळगावला गेले होते. वडगावात चुलतबहिणीचं डोहाळजेवण होतं. सुपात नारळ, तांदूळ, खण असं सगळं मांडलेलं. काकू एकेकीला ओटी भरायला हाक मारत होती. माझ्यापाशी आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तू जरा कुंदा वाट गं." सूप पुढच्या बाईकडं गेलं. मी 41 वर्षांची, लग्नाला तेरा वर्षं झाली, स्टुटगार्टला राहते. मूल नको हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. काकूवर राग नाही, पण ते सूप समोरून गेलं तेव्हा पोटात तुटलं.

बाहेरच्या खोलीत त्याच वेळी पुरुषमंडळींचा वाद रंगला होता. 2024 मध्ये चंद्राबाबू नायडू जास्त मुलं होऊ द्या म्हणाले, मोहन भागवतांनी नागपुरात तीनचा आग्रह धरला. कर्नाटकाचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, 1.7 वर आलाय, मग पुढं कसं व्हायचं? आपल्या सीमाभागात तर हद्दीगणिक हिशोब बदलतो. महाराष्ट्रातल्या चंदगडला तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, कर्नाटकातल्या खानापुरात ती अट नाही. दोन म्हणा, तीन म्हणा, नऊ महिने जिनं काढायचे ती आत पुऱ्या तळत होती. तिला कुणी विचारलं नाही.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळणं हा इथं 2013 पासून हक्क आहे. आईबापांनी रजा वाटून घेतली तर 14 महिने भत्ता मिळतो. हे आपल्याकडं यायलाच हवं, विशेषतः यंत्रमागावर नाहीतर विडीच्या सुपापुढं बसणाऱ्या बायकांसाठी. आपल्या कायद्यातली बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही. पण लवकर कामावर परतणाऱ्या आईला इथंही 'राबेनमुटर' म्हणतात, म्हणजे पिल्लं टाकून जाणारी डोमकावळीण. गर्भपातासाठी आधी सक्तीचं समुपदेशन, मग तीन दिवस थांबायचं. आपला 1971 चा कायदा सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी मानतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत अविवाहित बाईलाही बरोबरीनं धरलं. तरी माझ्या मैत्रिणीला गावाकडच्या एका दवाखान्यानं "मालकांची सही आणा" म्हणून परत पाठवलं.

आमच्याच घरातलं सांगते. वहिनीला आधी बी.एड. करायचं होतं. तेविसाव्या वर्षी दुसरं बाळंतपण झालं आणि लगेच ऑपरेशन. आईबाबांनी ठरवलं, दादानं मान हलवली. नसबंदी दादाचीही होऊ शकते, ती जास्त सोपी असते, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी तेव्हा पुण्यात शिकत होते, मीही गप्प बसले. त्याचं आज वाईट वाटतं. कर्नाटकात निम्म्याहून जास्त विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे, पुरुषांचं जवळजवळ शून्य. वहिनीचा पोरांवर जीव आहे, पण केव्हा आणि किती, हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

आता भाचीचं लग्न ठरतंय. निप्पाणीचं स्थळ आहे. वहिनीनं परवा फोन केला. पोरीला दोन वर्षं तरी थांबायचंय, तुम्ही त्या लोकांशी बोला, म्हणाली. मी बोलणार आहे. आधी भाचीनं बोलावं, मग मी. आणि बैठकीत दादानंही तोंड उघडावं, हे त्याला कळवलंय.